हुशार मुलींच्या कादंबऱ्या: पालक आणि मुलं नेहमी विचारतात ते प्रश्न

दर रविवारी सकाळी मी आमच्या कॉलनीतल्या मुलांच्या वाचनालयात बसते. दोन लोखंडी कपाटं, एक सतरंजी आणि एक नोंदवही, एवढाच पसारा. नोंदवही चाळली की एक गोष्ट लगेच दिसते. काही पुस्तकं परत आली की त्याच सकाळी दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर चढतात, आणि त्यातली बरीचशी एकाच घराण्यातली असतात. गोष्टीत एक मुलगी असते, वयाच्या मानाने फार हुशार किंवा फार कल्पक, आणि तिचं काय करावं हे भोवतालच्या मोठ्यांना कळत नसतं. पुस्तक बदलून नेताना आया, बाबा, आज्या आणि खुद्द मुली मला या पुस्तकांबद्दल जे विचारतात, त्याची उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवावीत असं फार दिवस मनात होतं.

नेमकी कुठली पुस्तकं म्हणताय?

सगळ्यात जास्त मागणी रोआल्ड डाल यांच्या मटिल्डाला. 1988 साली आलेलं हे पुस्तक. तिच्याहून ऐंशी वर्षांनी मोठी ॲन, लुसी मॉड माँटगोमेरी यांची, कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड बेटावरची लाल केसांची अनाथ मुलगी (1908). लुइझा मे अल्कॉट यांची ज्यो (1868), जिला आपण शांता शेळके यांच्या ‘चौघीजणी’मुळे घरातल्यासारखं ओळखतो. फ्रान्सिस हॉजसन बर्नेट यांची सारा (1905). न्यूयॉर्कमध्ये वही घेऊन लोकांवर पाळत ठेवणारी लुईस फिट्झह्यू यांची हॅरिएट (1964). मॅडलिन लेंगल यांची मेग (1962) आणि फिलिप पुलमन यांची लायरा (1995) जरा मोठ्या मुलींसाठी.

हुशारी म्हणजे फक्त गणित किंवा पहिला नंबर असं धरू नका. मटिल्डाकडे वाचन आणि आकडे आहेत, ॲनकडे कल्पना आणि शब्द, हॅरिएटकडे नजर. लायराचा गुण तर बेमालूम खोटं बोलण्याचा आहे.

मुलगी तेच पुस्तक चौथ्यांदा नेते. त्यात एवढं आहे तरी काय?

हा प्रश्न मलाही पडला होता, म्हणून मी मुलींनाच विचारायला लागले: पुन्हा वाचताना तू कुठलं पान आधी काढतेस? मला वाटलं होतं, मटिल्डा नुसत्या नजरेने वस्तू हलवते ते पान असेल. काहीजणी ते सांगतात. पण जास्त वेळा ऐकू येतं ते शाळेच्या पहिल्या दिवसाचं पान. मिस हनी वर्गाला बेचा पाढा विचारत असतात. मटिल्डाला येतो. मग त्या जरा मोठा गुणाकार देतात, मग आणखी मोठा, आणि शेवटी चौदा गुणिले एकोणीस. साडेपाच वर्षांची पोर शांतपणे सांगते, 266. मिस हनी क्षणभर गप्प होतात. मग त्या मुख्याध्यापिकेकडे जातात, तिथे कुणी ऐकत नाही. संध्याकाळी त्या मटिल्डाच्या घरी जातात. तिथे टीव्ही चालू असतो आणि आईवडिलांना त्यांच्या येण्याचा त्रासच होतो.

थोडक्यात, एक मोठं माणूस एका लहान मुलीसाठी दिवसभर पायपीट करतं. मुली परत परत त्या पानावर जातात याचं कारण हेच आहे असं मला वाटतं.

ॲनच्या गोष्टीतही हेच पान आहे. मॅथ्यू कथबर्ट हा बायकांशी बोलायला घाबरणारा म्हातारा शेतकरी. शेतीच्या कामाला अनाथाश्रमातून मुलगा मागवलेला, आणि स्टेशनवर बसलेली असते मुलगी. घोडागाडीतून घरी येईपर्यंत ती अखंड बोलते आणि हा गप्प माणूस चक्क ऐकत राहतो. घरी बहीण मरिला विचारते, या पोरीचा आपल्याला काय उपयोग? त्यावर मॅथ्यूचं उत्तर असं की आपलाच तिला काही उपयोग होईल. बारा वर्षांची एक मुलगी मला म्हणाली होती, “काकू, ते वाक्य आलं की मी पुस्तक मिटून जरा वेळ बसते.”

तेत्सुको कुरोयानागी यांची तोत्तोचान ही कादंबरी नव्हे, लेखिकेच्या स्वतःच्या शाळेच्या आठवणी आहेत. पण तिला या रांगेत बसवल्याशिवाय मला राहवत नाही. पहिलीतच शाळेतून काढून टाकलेली मुलगी नव्या शाळेत येते, आणि मुख्याध्यापक कोबायाशी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसतात. सांग, तुला जे सांगायचं असेल ते सगळं सांग. चार तास ते तिचं ऐकतात. आपल्यापैकी कुणाचं, लहानपणी, कुणी चार तास ऐकलं होतं?

आमची मुलगी अभ्यासात साधारण आहे. असली पुस्तकं वाचून तिला कमीपणा वाटणार नाही का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि विचारणाऱ्या आईच्या आवाजात बहुतेक वेळा काळजी असते. मी पाहिलं आहे ते उलटंच. वर्गात पहिली येणारी मुलगी ही पुस्तकं आवडीने वाचते, पण पुस्तक छातीशी धरून झोपते ती मधल्या बाकावरची मुलगी.

त्याचं कारण गोष्टीच्या रचनेत आहे. या कादंबऱ्यांमध्ये हुशारी बक्षीस म्हणून येत नाही, अडचण म्हणून येते. मटिल्डा वडिलांच्या गाड्यांच्या धंद्यातला दिवसाचा नफा मनातल्या मनात बिनचूक काढते. शाबासकी तर दूरच, तू लबाडी केलीस, माझा कागद पाहिलास, असं वडील ओरडतात. मी चौथीत असताना पावसावर निबंध लिहिला होता. बाईंनी सगळ्या वर्गासमोर विचारलं, “कुणाकडून लिहून घेतलास?” मी काही असामान्य मुलगी नव्हते. एक निबंध बरा जमला होता इतकंच. पण पुढे कित्येक वर्षांनी मटिल्डाचा तो प्रसंग वाचला तेव्हा माझे कान तसेच तापले.

आपल्याला कुणी नीट पाहत नाही, आपण सांगतो ते खरं मानत नाही, हे वाटण्यासाठी बुद्ध्यांक लागत नाही. साधारण म्हटल्या जाणाऱ्या मुलांना ते रोज वाटतं. नायिकेची हुशारी ही त्या वाटण्याला दिलेली मोठी, ठळक आकृती आहे. मुलीला गोष्टीत गुणाकार दिसत नाही, आपलं न ऐकलं गेलेलं बोलणं दिसतं.

शिवाय लेखिकांनी याची काळजी घेतलेली असते. मेगकडेच बघा. शाळेत ती मागे पडते, भांडते, चष्मा सावरत रडते. गणित तिला वडिलांनी शिकवलेल्या आडवाटांनी येतं आणि शिक्षकांना ते चालत नाही. तिच्या घरात खरा विलक्षण आहे तो तिचा धाकटा भाऊ. पण संकटाच्या वेळी तिला मदतीला दिले जातात ते तिचेच दोष: तिचा राग, तिचा हट्ट, तिची अधीरता. नववीतल्या एका मुलीने हे पुस्तक परत करताना मला विचारलं होतं, “म्हणजे माझ्या चिडकेपणाचाही उपयोग होऊ शकतो?” मी हो म्हटलं.

या गोष्टींतले आईवडील इतके वाईट का असतात? मुलांच्या मनात आमच्याबद्दल नको ते भरेल.

सगळ्यांत नसतात. ज्योची आई आठवा. पण मटिल्डाचे आईवडील खरोखर भयंकर आहेत, हे कबूल. वडील जुन्या गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये लाकडाचा भुसा घालून त्या विकतात, आई दुपारभर बिंगो खेळायला दुसऱ्या गावी जाते, आणि दोघंही मुलीला अंगावरच्या खपलीइतकीच किंमत देतात. ॲन अनाथ आहे, आणि सारा आधी आईवेगळी, मग पोरकी.

लेखकाची ही गरज असते. आईबाप समंजस असतील तर मुलगी एकटी वाचनालयापर्यंत चालत जाणारच नाही, आई तिला गाडीवरून सोडेल. मुलीला स्वतःच्या पायावर गोष्टीत उतरवायचं तर मोठ्यांना बाजूला सारावं लागतं. आपल्या लोककथांत सावत्र आई येते ती याच कामाला.

मुलांना हे बरोबर कळतं. मटिल्डाचे वडील म्हणजे आपले बाबा असं मानणारं मूल मला अजून भेटलेलं नाही. मात्र एखाद्या मुलीने वाचता वाचता वर बघून “तुम्ही पण परवा माझं पुस्तक ओढून घेतलंत” असं म्हटलं, तर जरा थांबून ऐका. ती पुस्तकाबद्दल बोलत नसते.

मुलगी उद्धटपणा शिकेल का?

मटिल्डा वडिलांच्या टोपीला चिकट गोंद लावते. त्यांनी वाचनालयाचं पुस्तक टराटरा फाडलं, तेव्हा ती मित्राचा पोपट आणून धुराड्यात लपवते आणि घरात भूत असल्याची बोंब होते. ॲन तर शेजारच्या रेचलबाईंना तोंडावर बोलते आणि चिडवणाऱ्या गिल्बर्टच्या डोक्यात पाटी घालते.

आपल्याकडे मुलगी मोठ्यांच्या मध्ये बोलली की आगाऊ ठरते, त्यामुळे ही भीती मला समजते. पण या दोघी कधी चिडतात ते नीट बघा. मटिल्डाच्या प्रत्येक खोडीआधी तिच्यावर झालेला एक अन्याय असतो, आणि शिक्षा त्या अन्यायाच्या मापाची असते. डाल यांच्या पहिल्या खर्ड्यात मटिल्डा चांगलीच दुष्ट होती. ती तशीच राहिली असती तर इतक्या घरांत पोहोचली असती असं मला वाटत नाही. ॲनचा राग तर तिचा तिलाच महागात पडतो. गिल्बर्टशी धरलेला अबोला ती इतकी वर्षं चालवते की शेवटी तिचं तिलाच वाईट वाटतं.

मुलीला राग येऊ शकतो आणि तरी ती चांगली मुलगी असू शकते, हे ज्या घरात तोंडाने सांगितलं जात नाही तिथे पुस्तकाने सांगितलं तर माझी काही हरकत नाही.

हुशार मुलगी दुसऱ्याला दुखावते, अशी गोष्ट आहे का?

आहे, आणि मी ती दहा-अकरा वर्षांच्या मुलींना आवर्जून देते. हॅरिएटला लेखिका व्हायचंय. ती रोज ठरलेल्या वाटेने फिरते, लोकांच्या खिडक्यांतून डोकावते आणि जे दिसेल ते वहीत लिहिते. मैत्रिणींबद्दलही लिहिते, अगदी खरं खरं, कुणाला सोडत नाही. एके दिवशी बागेत खेळताना ती वही वर्गातल्या मुलांच्या हाती लागते. ती वही मोठ्याने वाचतात. मग सगळा वर्ग तिच्याविरुद्ध उभा राहतो.

तिला सांभाळणारी बाई, ओल गॉली, लग्न करून घर सोडून गेलेली असते. ती पत्राने सल्ला पाठवते: माफी मागावी लागेल आणि थोडं खोटंही बोलावं लागेल, पण स्वतःशी मात्र नेहमी खरंच बोल. मुलांच्या पुस्तकात असा सल्ला छापलेला पाहून 1964 साली काही मोठी माणसं अस्वस्थ झाली यात नवल नाही. मला तो सल्ला फार प्रामाणिक वाटतो. लिहिणाऱ्या प्रत्येक मुलीला हा पेच कधी ना कधी पडतोच. आता वहीच्या जागी मैत्रिणींचा ग्रुप आणि त्यात चुकून गेलेला स्क्रीनशॉट आहे, एवढाच फरक.

शेवटी त्या गुणाचं काय होतं? मोठेपणी या नायिका कुणी मोठ्या होतात का?

हा प्रश्न मला एका आजोबांनी विचारला. त्यांनी नातीसाठी नेलेली तीन पुस्तकं स्वतःच ओळीने वाचून काढली होती आणि त्यांना जरा फसवल्यासारखं वाटत होतं. “अहो, प्रत्येक गोष्टीत शेवटी पोरीचा गुण काढूनच घेतात!”

त्यांनी अगदी बरोबर हेरलं होतं. मटिल्डाला वरच्या वर्गात घातलं जातं, अभ्यास तिच्या तोलाचा होतो, आणि नजरेने वस्तू हलवण्याची शक्ती निघून जाते. मिस हनी समजावतात की आजवर डोक्याला पुरेसं काम नव्हतं, म्हणून ती ताकद डोळ्यांतून बाहेर पडत होती. लायरा एक अजब यंत्र कुणी न शिकवता वाचू शकते. तिसऱ्या भागाच्या शेवटी ते वाचणं तिच्याकडून जातं. तिला सांगितलं जातं की तेव्हा ते कृपेने मिळालं होतं, आता कष्टाने मिळवता येईल, आणि त्याला आयुष्य लागेल. ॲन शिष्यवृत्ती मिळवते, कॉलेजला जायचं ठरतं, आणि तेवढ्यात बँक बुडते, त्या धक्क्याने मॅथ्यू जातो, मरिलाची नजर अधू होते. ॲन शिष्यवृत्ती सोडून घरी राहते.

आजोबांना मी तेव्हा पटेल असं उत्तर देऊ शकले नाही. नंतर बरेच दिवस विचार केला. आता मला वाटतं की तीन गोष्टी एका मापाने मोजू नयेत.

मटिल्डाची शक्ती जाते हा आनंदाचा शेवट आहे. ती शक्ती कोंडलेल्या बुद्धीची वाफ होती. झाकण उघडलं, वाफ गेली. कुठल्याही शिक्षकाने हे प्रकरण वाचावं. वर्गात खोड्या काढणारं, खिडकीबाहेर बघणारं, बाक वाजवणारं मूल कधीकधी नुसतं कंटाळलेलं असतं.

लायराचा शेवट मला सगळ्यात खरा वाटतो. लहानपणी गाणं, चित्र, शब्द सहज येतात. बाराव्या-तेराव्या वर्षी ती सहजता जाते, आणि आपण काढतो ते चित्र वाईट आहे हे मुलीला पहिल्यांदा दिसतं. बऱ्याचजणी तिथेच थांबतात. पुढचा रस्ता रियाजाचा आहे हे त्या वयात सांगणारं पुस्तक हाती लागणं हे भाग्य म्हणायचं.

ॲनच्या शेवटाशी मात्र माझं अजून भांडण आहे. मुलीने घरासाठी शिक्षण सोडायचं ही गोष्ट आपण इतक्या घरांत पाहिली आहे की ती पुस्तकात गोड झालेली मला बघवत नाही. माझ्या मावशीने असंच मॅट्रिकनंतर सोडलं, आणि तिला परत बोलावणारा पुढचा भाग आलाच नाही. ॲनसाठी तो आला, पुढच्या पुस्तकांत ती कॉलेजला जाते. मुलींना मी हे मुद्दाम सांगते आणि तिसरा भाग हातात ठेवते.

ज्योचं लग्न लेखिकेला करायचंच नव्हतं, हे खरं का?

खरं आहे. अल्कॉट यांना ज्यो अविवाहित लेखिका म्हणूनच ठेवायची होती. पण पहिला भाग आल्यावर वाचक मुलींची पत्रं आली, शेजारच्या लॉरीशी, तिच्या जिवलग मित्राशी, लग्न लावा म्हणून. अल्कॉट यांनी लॉरी दिला नाही, प्रोफेसर दिले. ‘चौघीजणी’ वाचून त्यावर हळहळणाऱ्या तीन पिढ्या मी आमच्याच सतरंजीवर पाहिल्या आहेत.

सारा क्रू वाचताना भारताचा भाग खटकतो. मुलीला द्यावं का?

द्यावं, पण सोबत बसून. साराचा बाप हिंदुस्थानात कॅप्टन आहे. ती तिथून लंडनच्या शाळेत येते, बाप गेल्यावर कंगाल होते आणि त्याच शाळेत माळ्यावर राहून मोलकरणीचं काम करते. तिचा गुण म्हणजे गोष्ट सांगणं. भुकेल्या पोटी, उंदरांच्या खोलीत ती मेजवानीची कल्पना करते आणि शेजारच्या खोलीतल्या बेकीला ती दिसायला लागते. हा भाग अप्रतिम आहे.

शेजारच्या घरातला रामदास मात्र सलाम करणारा, मालकासाठी झटणारा नोकर एवढाच आहे. सारा त्याच्याशी हिंदुस्थानीत बोलते तेव्हा त्याचा चेहरा उजळतो. लहानपणी मला त्या जागी फार आनंद झाला होता, आपलं कुणीतरी भेटलं म्हणून. मोठेपणी लक्षात आलं की त्याला स्वतःची गोष्टच नाही. एका मुलीला मी सुचवलं, रामदास छपरावर उभा राहून काय विचार करत असेल ते लिही. तिने चार पानं लिहिली. त्यात त्याला मुंबईच्या गोदीतली बहीण होती आणि लंडनच्या थंडीचा प्रचंड राग होता.

मराठीत अशा नायिका का नाहीत?

अगदीच नाहीत असं नाही. ना. धों. ताम्हनकरांनी ‘गोट्या’ लिहिला तशी ‘चिंगी’ही लिहिली. पण गोट्या घरोघरी आहे आणि चिंगीचं नाव सांगावं लागतं. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेवर माझं मनापासून प्रेम आहे. तरीही आठ वर्षांची मुलगी जेव्हा विचारते, “फेणेसारखी मुलगी कुठल्या पुस्तकात आहे?” तेव्हा मला कपाटासमोर जरा जास्त वेळ उभं राहावं लागतं.

मला याचं वाईट वाटतं, कारण अशा खऱ्या मुलींची आपल्याकडे मुळीच कमतरता नव्हती. जोतिराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 1855 साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. त्यातले प्रश्न आजही वाचणाऱ्याला खुर्चीत सरळ बसवतात. पंडिता रमाबाईंना आईने संस्कृत शिकवलं. दुष्काळात आईवडील गेले, भावाबरोबर पायी फिरत त्या कलकत्त्याला पोहोचल्या, आणि 1878 मध्ये तिथल्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ म्हटलं. तेव्हा त्या वीस वर्षांच्या होत्या. आनंदीबाई जोशी 1886 मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी गेल्या. त्यांच्या आयुष्यातलं ओळखणारं माणूस, गोपाळराव, मिस हनींसारखं मऊ नव्हतं. धाक होता, मारही होता. त्यामुळे ती गोष्ट लहानांना सांगणं सोपं नाही, पण मला ती टाळावीशी वाटत नाही.

या मुलींवर आपण चरित्रं लिहिली, धडे लिहिले, जयंतीची भाषणं लिहिली. त्यात त्या जन्मतःच थोर असतात. मुक्ता निबंध लिहिताना कुठे अडली, शाईचा डाग पडला तेव्हा काय केलं, वर्गात कुणाशी तिचं पटत नव्हतं, हे कादंबरीच सांगू शकते. कुणी लिहिणारी हे वाचत असेल तर माझ्या कपाटात जागा आहे.

इंग्रजी येत नसेल तर अनुवाद चालतील का?

अनुवादानेच ही पुस्तकं जगभर गेली. ॲन जपानमध्ये हानाको मुराओका यांच्या 1952 सालच्या अनुवादातून पोहोचली, आणि तिकडच्या वाचकांनी तिला इतकं आपलं मानलं की अजूनही ते प्रिन्स एडवर्ड बेटावर तिचं घर पाहायला जातात. आपल्याकडे ‘चौघीजणी’ आहे. तोत्तोचान मराठीत नॅशनल बुक ट्रस्टने आणली आहे, आणि ती स्वस्तही आहे.

अनुवाद मोठ्याने वाचून बघा. वाक्य जिभेवर अडखळत असेल तर ते मुलीच्या डोक्यातही अडखळणार. शेळके यांची वाक्यं अडखळत नाहीत.

कुठल्या वयाला काय द्यावं?

वयापेक्षा मूल बघावं. तरी ढोबळ सांगते: तोत्तोचान सात-आठपासून, आधी वाचून दाखवा. मटिल्डा आठ-नऊ. हॅरिएट आणि सारा दहाच्या पुढे. ॲन आणि ‘चौघीजणी’ अकरा-बारा, कारण वर्णनं लांब आहेत. मेग बाराला. लायराच्या पुस्तकांत क्रौर्य आणि मृत्यू बराच आहे, तेरानंतर बरं.

मुलग्यांना देता येतात का?

द्याच. फक्त देताना “ही मुलींची गोष्ट आहे” असं म्हणू नका.

स्कॉलरशिपच्या परीक्षेआधी प्रेरणा म्हणून मटिल्डा द्यावी का?

नको. अगदी कळकळीने सांगते, नको. मटिल्डा कुठल्याही परीक्षेसाठी वाचत नाही. घरी कुणी नसतं म्हणून ती चार वर्षांची असताना वाचनालयात चालत जाते. मिसेस फेल्प्स तिला खुर्ची देतात, उगाच चौकशा करत नाहीत, आणि पुस्तकं घरीही नेता येतात हे सांगतात. त्या वाचनात आनंदाशिवाय दुसरा हेतू नाही. ते पुस्तक परीक्षेच्या गाईडशेजारी ठेवलं की मुलीला त्यातून एकच ऐकू येईल: बघ, ही बघ किती हुशार. मग ती ते उघडणार नाही, आणि चूक तिची नसेल.

परीक्षा संपल्याच्या दुपारी द्या.

मुलगी आता स्वतःला मटिल्डा समजायला लागली आहे. पेल्याकडे टक लावून बसते. काय करू?

पेला रिकामा आहे ना बघा, आणि बसू द्या. माझ्या माहितीतल्या एका मुलीने असा आठवडाभर स्टीलचा पेला हलवायचा प्रयत्न केला. सातव्या दिवशी ती आईला म्हणाली की पेला हलला नाही, पण त्यात पंखा उलटा दिसतो आणि चमच्यातही दिसतो, ते का? आईने मला फोन केला. मी त्यांना आरशांवरचं एक पातळ पुस्तक दिलं.

एक पुस्तक मुलगी परतच देत नाही. दंड किती?

दंड नाही. नोंदवहीत तिच्या नावापुढे मी ‘तिच्याकडेच’ असं लिहिते आणि पुढच्या खेपेला दुसरी प्रत घेते. आत्तापर्यंत मटिल्डाच्या पाच प्रती अशा गेल्या आहेत. त्यातली एक गेल्या दिवाळीत परत आली. नेली तेव्हा ती मुलगी चौथीत होती, आता ती नोकरी करते. पानांचे कोपरे मऊ झाले होते आणि शाळेच्या पहिल्या दिवसाच्या पानावर पेन्सिलीने 14 × 19 चा गुणाकार उभा मांडून, पडताळून पाहिलेला होता.